दुसरा हिरवा

माणूस वाघाला भितो, सापाला भितो, बायकोच्या माहेरच्यांना भितो. चावीकाका एका दिव्याला भ्यायचे. तोही केवढा, तर डाळीच्या दाण्याएवढा.

हा दिवा हॉस्पिटलातल्या एका यंत्रावर होता. यंत्राला कागदाची नळी लावायची, छाती भरून श्वास घ्यायचा, दम धरायचा आणि मग हळूहळू सगळा श्वास नळीत सोडायचा. यंत्र जरा विचार करायचं आणि दिवा लावायचं. हिरवा म्हणजे छाती स्वच्छ. पिवळा म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तांबडा म्हणजे, महाराज, तुम्ही ओढलेली आहे, आता उगाच शपथा घेऊ नका.

चावीकाकांचा धंदा कुलपाकिल्ल्यांचा. चौकाच्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान, त्यात चाव्या कापायचं मशीन, भिंतभर लटकलेल्या चाव्या आणि मध्ये ते. त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा त्यांना चावीकाकाच म्हणायची. मिसरूड फुटायच्या आधीपासून सिगरेट तोंडात. बायको होती तोवर त्यांनी किती वेळा सिगरेट सोडली याची गणतीच नव्हती, म्हणजे सोडली असं सांगितलं होतं. तोंडात बडीशेप टाकायची, हात साबणाने धुवायचे आणि निरागस चेहऱ्याने घरात यायचं. ती बिचारी दर वेळी म्हणायची, "बरं झालं हो." विश्वास ठेवायची की ठेवल्यासारखं करायची, ते तिचं तिला ठाऊक. ती गेली आणि तेवढंही विचारणारं कोणी उरलं नाही.

मग मुलगी बाळंत झाली. बाळ दिवस भरायच्या आत आलं. मुठीएवढा जीव, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेला, नाकात नळी. जावई जहाजावर, समुद्रात कुठेतरी, लवकर येण्यातला नाही. तेव्हा मुलगी बाळाला घेऊन बापाकडेच राहणार हे ठरलेलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. घरात धूर नको. कपड्यांना येतो तो वाससुद्धा नको.

मुलगी पेटीपाशी उभी होती. बापाकडे न बघताच म्हणाली, "बाबा, आईला फसवलंत ते फसवलंत. याला फसवायचं नाही."

चावीकाकांनी तोंड उघडलं.

"बोलू नका काही," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. इथे खाली सिगरेट सोडवायचा वर्ग आहे. यंत्रावर तपासतात. यंत्र सांगेल तेव्हा बाळ तुमच्या हातात देईन. तोवर हात लावायचा नाही."

झालं. बापाची सगळी उमर लोकांची कुलपं उघडण्यात गेली आणि पोटच्या पोरीने हे असलं कुलूप घातलं.

वर्ग आठवड्यातून एकदा, सकाळी, व्यायामाच्या हॉलमध्ये भरायचा. पाय मोडलेल्यांना चालायला शिकवायचे दांडे, मोठमोठे रबरी चेंडू आणि मध्ये गोलात मांडलेल्या खुर्च्या. वर्ग घ्यायच्या सिस्टर. बुटक्याशा, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या, पण नजर अशी की खिशातली काडीपेटी कापडातून दिसावी. त्यांचे दोन नियम. पहिला, तांबडा दिवा लागला तरी कोणी कोणाला रागवायचं नाही. दुसरा, प्रत्येकाने घरच्या एका माणसाचा फोन नंबर द्यायचा. वर्ग सुटला की सिस्टर त्या माणसाला दिव्याचा रंग कळवणार. "एकट्याने सुटत नाही हे व्यसन," त्या म्हणायच्या, "अख्ख्या घराने सोडावं लागतं."

"बाळ कधी घेऊ मी हातात?" चावीकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"लागोपाठ दोन हिरवे आले की," सिस्टर म्हणाल्या. "पहिला हिरवा पाहुणा असतो काका, येतो आणि जातो. दुसरा आला की तो घरचा."

शेजारच्या खुर्चीवर एक बसड्रायव्हर असायचा. पोट स्टिअरिंगला टेकेल असा गडी, तोंडाचा पट्टा सदा चालू. तो म्हणाला, "काका, माझे तर इतके तांबडे झालेत, की माझी बस सुटायचीच नाही!" सगळे हसले. चावीकाका हसले नाहीत.

पहिले दिवस म्हणजे नरक. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, हातांना काय करावं सुचत नाही, गिऱ्हाइकावर खेकसायचं आणि मग त्याचीच माफी मागायची. पण चावीकाकांनी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. कारण बाळ आता घरी आलं होतं. पडद्याआडून त्याचा आवाज यायचा, पाळण्याबाहेर लोंबणारा मोज्यातला पाय दिसायचा, आणि हात लावायची सोय नव्हती. दिवा तांबड्याचा पिवळा झाला. आणि एका सकाळी, एवढा जोर लावून फुंकल्यावर की डोळ्यांपुढे काजवे चमकले, दिवा हिरवा झाला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. ड्रायव्हरने पाठीत असा धपाटा घातला की श्वास परत आत गेला.

घरी मुलगी दारातच उभी. सिस्टरांचा फोन आधीच पोचला होता. "बाबा!" म्हणाली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा बापाच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, आता ती खिडकी बंद करू."

ती खिडकी म्हणजे स्वयंपाकघरातली. चावीकाकांची ओढायची जागा. लग्न झाल्यापासून ते तिथे उभे राहून धूर बाहेर सोडत, आणि म्हणून ती खिडकी बारा महिने उघडी. थंडीत बायको कुरकुरायची, "अहो, अख्खा गाव गरम करताय का आपल्या गॅसवर?" पण खिडकी काही बंद झाली नाही. झडप इतकी वर्षं उघडी राहून वाकली होती, पुरती लागत नव्हती.

आता थंडी मी म्हणत होती आणि घरात कच्च्या फुप्फुसांचा जीव. चावीकाकांनी दुकानातून पुट्टी आणली, रबराची पट्टी आणली, रुंद चिकटपट्टी आणली. कुलपाचं काम करणारा माणूस, फट म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. त्यांनी ती खिडकी अशी बुजवली की मुंगीला शिरायला जागा राहू नये. मुलीने बाळाला दुरून दाखवलं, "बघ, आजोबांनी सिगरेटीचं दार बंद केलं." चावीकाकांचा ऊर भरून आला. अजून एक हिरवा. मग हे गाठोडं माझ्या हातात.

भिंतीवर बायकोच्या वेळचा गॅसचा हीटर होता. पूर्वी तो नावापुरता पेटायचा. आता बाळासाठी दिवसरात्र चालू. मुलगी आणि बाळ आतल्या खोलीत झोपत, ऊब जावी म्हणून मधलं दार उघडं ठेवून. चावीकाकांची खाट स्वयंपाकघरात, हीटरच्या अगदी पायाशी. हीटरची ज्योत पूर्वी निळी असायची, आता पिवळी दिसायची. चावीकाकांना ती जास्त मायेची वाटली.

डोकं दुखायला लागलं ते त्याच सुमाराला. सकाळी उठलं की कपाळात कोणी छिन्नी मारतंय असं व्हायचं, पोटात ढवळायचं. सिगरेट सोडली की होतं असं, सगळेच सांगत होते. मुलगीही म्हणायची, "माझंही डोकं धरलंय, झोप पुरत नाही ना." एकटं बाळ तेवढं शहाणं झालं होतं. आधी रात्रभर रडायचं, आता गाढ झोपायचं. दूध प्यायलाही उठवावं लागायचं.

"किती गुणी आहे बघा," मुलगी म्हणायची. चावीकाकाही मान डोलवायचे.

पुढच्या वर्गाला ते नवा शर्ट घालून, घरातून थेट गेले. छाती भरली, दम धरला, सोडला. यंत्राने विचार केला. दिवा तांबडा.

"चुकलं असेल," चावीकाका म्हणाले. "परत द्या."

परत दिलं. परत तांबडा. सिस्टरांनी नळी बदलली, स्वतः फुंकून पाहिलं. त्यांचा हिरवा. चावीकाकांचा पुन्हा तांबडा, आणि आकडा इतका वर की पहिल्या दिवशीसुद्धा नव्हता.

"शपथ घेऊन सांगतो, मी ओढलेली नाही."

कोणी रागावलं नाही, तसा नियमच होता. सगळे नुसते आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले, आणि ते रागावण्याहून वाईट होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हीच शपथ घेतली होती. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "होतं काका, होतं. मीही तसाच म्हणायचो."

सिस्टर म्हणाल्या, "यंत्र खोटं बोलत नाही, काका. पण आम्ही तुमच्यावर चिडलेलो नाही." आणि त्यांनी नियमाप्रमाणे घरी फोन केला.

मुलगी भांडली असती तर परवडलं असतं. तिने फक्त त्यांचा कोट घेतला आणि खिसे उलटे केले. किल्ल्या, रुमाल, बडीशेपेची पुडी. पुडी तिने टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली. "आईला असंच," एवढंच म्हणाली.

लांडगा आला रे आला म्हणून जन्मभर ओरडलेल्या माणसाचं, खरा लांडगा आल्यावर कोण ऐकणार? चावीकाका खाटेवर बसले, आणि तिथेच त्यांच्या मनात ती भीती शिरली. यंत्र खोटं बोलत नाही. मीही खोटं बोलत नाही. मग खरं काय? झोपेत तर ओढत नाही ना मी? उठून, खाली जाऊन, कोणाकडून मागून, परत येऊन झोपतो आणि सकाळी आठवत नाही, असं तर नाही?

हसू नका. त्या दिवसांत त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चावी कापायला घेतली की कोणाची ते विसरायचे. रोजच्या गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच्याच घराची चावी दोनदा चुकीची कापून दिली. गोष्टी हातातून निसटायच्या, जिना चढताना धाप लागायची. आपलं मन पोखरलं गेलंय असं त्यांना वाटायला लागलं. रोज सकाळी आधी बोटं हुंगायचे. बोटांना लोखंडाचा वास यायचा, तंबाखूचा नाही, तरी धीर होत नव्हता. झोपण्यापूर्वी बाहेरच्या दाराच्या साखळीत त्यांनी केसाएवढा दोरा अडकवला, रात्री उठून बाहेर गेलो तर तुटेल म्हणून. दोरा सकाळी शाबूत असायचा. आणि पुढच्या वर्गाला दिवा पुन्हा तांबडा.

त्या दिवशी मुलीने बाळाला छातीशी धरून सांगितलं. रडत सांगितलं, पण सांगितलं. "बाबा, तुम्ही दुकानात झोपा. मला तुम्हाला घालवायचं नाहीये हो. पण हा अलीकडे नीट दूध पीत नाही. मलूल झालाय. तुमच्या श्वासातून त्याला काही होत असेल तर? मी कोणाला काय सांगू?"

बाळ मलूल झालंय ते माझ्यामुळे. चावीकाकांना एवढंच ऐकू आलं. त्यांनी वळकटी उचलली आणि निघाले. जाताना म्हणाले, "आतून साखळी लावत जा." ती साखळी त्यांनीच बसवलेली, गावातला एकही चोर तोडू शकणार नाही अशी.

दुकानात पाय पसरायला जागा नव्हती. शटरच्या फटीतून वारा बाणासारखा यायचा. चावीकाका गुडघे पोटाशी घेऊन चाव्यांच्या खाली झोपायचे आणि कुडकुडायचे. पण नवल असं की डोकं दुखायचं थांबलं. सकाळी छिन्नी नाही, मळमळ नाही. हातसुद्धा स्थिर झाले. त्यांनी त्याचा विचार केला नाही. दुःखात असलेला माणूस आपलं काय बरं झालं ते मोजत बसत नाही.

रोज सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन घरी जायचे. मुलगी साखळी न काढता फटीतून हात बाहेर काढायची. वर्गाच्या दिवशी सकाळी तिने दार उघडायला फार वेळ लावला. फटीतून तिचा चेहरा दिसला, गाल लालबुंद, डोळे जड. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ चालले होते.

"बरं नाही का तुला?"

"डोकं जड आहे नुसतं. रात्री फार थंडी होती. हीटर मोठा केलाय आणि पाळणा तुमच्या जागेवर ठेवलाय, हीटरजवळ. तिथे ऊब चांगली लागते." बोलता बोलता ती चौकटीला टेकली. "झोपतो आता आम्ही दोघं. जा तुम्ही."

दार बंद झालं. साखळीचा आवाज त्यांनी ऐकला.

वर्गात आज ते शेवटच्या खुर्चीवर बसले. आता काय, तांबडाच येणार, मग इथून जाऊन चौकात उभं राहायचं आणि खरंच एक पेटवायची. निदान यंत्र आणि आपण एकमेकांशी प्रामाणिक तरी होऊ. हा विचार त्यांनी अगदी पक्का केला होता. पाळी आली. छाती भरली, दम धरला, सोडला.

हिरवा.

टाळ्या पडल्या. ड्रायव्हर उठून उभा राहिला, "वा रे पठ्ठ्या! जिंकलात काका! सोडलीत अखेर!" सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कबूल करायला हरकत नाही," त्या मायेने म्हणाल्या. "मागच्या वेळी ओढत होतात ना? बघा, सोडल्यावर कसा लगेच फरक पडला."

चावीकाका त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते आणि त्यांच्या अंगावर काटा येत होता.

कारण त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. सोडायला काही उरलंच नव्हतं. तांबडा आला तेव्हाही ओढली नव्हती, हिरवा आला तेव्हाही नाही. मधे बदललं काय? त्यांनी फक्त घर सोडलं होतं.

त्यांची खाट. हीटरच्या पायाशी असलेली खाट. आता तिथे पाळणा होता.

"सिस्टर," ते म्हणाले. टाळ्या अजून चालू होत्या, त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मग ते ओरडलेच. "सिस्टर! हे यंत्र सिगरेटच ओळखतं, की आणखी काही?"

टाळ्या थांबल्या. सिस्टर म्हणाल्या, "सिगरेट नाही ओळखत ते. धुरात एक विषारी वायू असतो, तो ओळखतं. रंग नाही, वास नाही त्याला. सिगरेटीत असतो, गाडीच्या धुरात असतो, बंद खोलीत जाळ..." वाक्य तिथेच थांबलं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. "काका, घरात काय जळतंय तुमच्या?"

"हीटर. गॅसचा. खिडकी मी बुजवली. सिगरेट सोडली म्हणून बुजवली." ते दाराकडे वळले. "मागे पहिला हिरवा आला ना, त्याच दिवशी बुजवली."

सिस्टरांनी फोन आधीच कानाला लावला होता. तो नंबर त्यांना पाठ झाला होता. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"ॲम्ब्युलन्स," सिस्टर कोणाला तरी ओरडल्या. पण चावीकाका हॉलच्या बाहेर पडलेसुद्धा होते, आणि त्यांच्या मागे पोट सावरत ड्रायव्हर. त्याची गाडी फाटकाशीच होती. जन्मभर बस चालवलेल्या माणसाने त्या दिवशी ती छोटी गाडी कशी चालवली, ते त्याचं त्यालाच माहीत. एकही विनोद त्याच्या तोंडून निघाला नाही. चावीकाका सारखे म्हणत होते, "पाळणा हीटरजवळ आहे. पाळणा हीटरजवळ आहे."

कुलूप त्यांच्या किल्लीने उघडलं. दार बोटभर सरकलं आणि साखळीने अडलं.

"पोरी! अगं पोरी, दार उघड!" आतून उत्तर नाही. फटीतून गरम, दमट हवा तोंडावर आली. हीटरचा घर्र घर्र आवाज, बस्स. ड्रायव्हरने खांदा लावला, एकदा, दोनदा. साखळी हलली नाही. कशी हलणार? खिळे किती लांब होते ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. स्वतःच्या कारागिरीचा इतका राग कोणाला आला नसेल.

"सरक," चावीकाका म्हणाले. त्यांनी बुटाची नाडी ओढून काढली, तिचा फास केला आणि हात फटीतून आत घातला. ही युक्ती त्यांनी कधी कोणाला शिकवली नव्हती, चोराला कळू नये म्हणून. फास साखळीच्या टोकात अडकवायचा, दार जवळजवळ लावून घ्यायचं आणि नाडी सरळ ओढायची. पहिल्यांदा फास निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. "देवा," ते म्हणाले, "नंतर काय वाट्टेल ते कर माझं." तिसऱ्यांदा फास बसला. साखळी खळकन खाली पडली.

मुलगी पाळण्याशेजारी जमिनीवर आडवी होती, एक हात पाळण्याच्या दांडीकडे. ड्रायव्हरने श्वास रोखून हीटरची कळ फिरवली आणि तिला काखेत हात घालून दाराकडे ओढलं. चावीकाका खिडकीकडे धावले. खिडकी उघडेना. पट्टी, पुट्टी, रबर, सगळं त्यांनीच मन लावून केलेलं. त्यांनी शेगडीवरचं पातेलं उचललं आणि काचेवर मारलं. काच फुटली. थंड हवा आत घुसली.

मग ते पाळण्याशी आले आणि क्षणभर थबकले. हात लावायचा नाही, असं इतके दिवस स्वतःला बजावलेलं. बाळाचे गाल गुलाबी होते, एखाद्या बाहुलीसारखे. डोळे मिटलेले. चावीकाकांनी नातवाला पहिल्यांदा उचललं ते असं. मान मागे लटकली. अंगात जीव असल्यासारखं काहीच वाटलं नाही.

जिन्यात, थंडीत, ते पायरीवर बसले. बाळाला शर्टाच्या आत घेतलं, तोंड बाहेर ठेवलं. पाठ चोळली, पाय चोळले. "रड रे," ते म्हणत होते. "रड माझ्या राजा. मला शिव्या दे, पण रड." वरच्या मजल्यावरची शेजारीण तोंडाला पदर लावून उभी होती. ड्रायव्हर मुलीच्या गालावर चापट्या मारत होता. खालून ॲम्ब्युलन्सचा आवाज येत होता. बाळ रडत नव्हतं. चावीकाकांनी त्याच्या नाकाशी गाल नेला आणि वाट बघितली. एवढी वाट त्यांनी जन्मात कशाची बघितली नव्हती.

आधी एक उचकी आली. मग बाळाने तोंड वाकडं केलं, अगदी त्याच्या आजीसारखं, आणि चिरका, बारीक, रागावलेला आवाज काढला.

दुपारी वॉर्डात मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाळाच्या डोक्याभोवती प्लास्टिकची पारदर्शक टोपी, तिच्यात नळी. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आणलंत, पण अजून लक्ष ठेवावं लागेल, आत्ताच काही छातीठोक सांगणार नाही. चावीकाका दोघांच्या मधे स्टुलावर बसले होते, एका पायात बिननाडीचा बूट. त्यांची नजर बाळाच्या पोटावर होती, वर जातंय का, खाली येतंय का.

सिस्टर यंत्र घेऊन आल्या. त्या चावीकाकांपाशी थांबल्या. "मी तुम्हाला म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, "आणि मग तुम्हीच खोटे, असं धरून चालले."

"सगळ्यांनीच धरलं," चावीकाका म्हणाले. "मीसुद्धा."

सिस्टरांनी मुलीचा मास्क क्षणभर बाजूला केला आणि नळी तिच्या ओठांत दिली. तिने अशक्त फुंकर सोडली. इतका वेळ ऑक्सिजन घेऊनही दिवा तांबडा. जिने जन्मात सिगरेटीला हात लावला नव्हता, जी धुराचं नाव निघालं तरी नाक मुरडायची, तिचा दिवा तांबडा.

मुलगी त्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने बापाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "शपथ घेऊन सांगते, मी ओढलेली नाही."

"माझा विश्वास आहे," चावीकाका म्हणाले.

ती रडायला लागली. सिस्टरांनी मास्क परत लावला, तरी ती मास्कच्या आत रडत राहिली. मग बाळही कुरकुरू लागलं. तिने हात पुढे केला, पण हातात बळ नव्हतं, तो मधेच पडला. तिने बोटाने बापाकडे खूण केली.

चावीकाका घुटमळले. "अगं, पण दुसरा हिरवा अजून झाला नाही," ते म्हणाले. हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

मुलीने स्वतःच मास्क बाजूला ओढला. "घ्या हो बाबा," ती म्हणाली. "आज घरात हिरवे तुम्ही एकटेच आहात."

सिस्टरांनी बाळाला नळीसकट उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते पिसासारखं हलकं होतं आणि रागाने पाय झाडत होतं. चावीकाका हलले नाहीत. बाळ पुन्हा झोपी गेलं, तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी त्याच्या तळव्याला हळूच गुदगुली केली. बाळ रडलं. थोड्या वेळाने पुन्हा झोपलं, त्यांनी पुन्हा गुदगुली केली.

"झोपू द्या ना त्याला," सिस्टर म्हणाल्या.

"नाही," चावीकाका म्हणाले. "थोडं रडू दे."